मागच्या अंगणातलं कृत्रिम गवत पुन्हा पुन्हा खचतं, पाणी धरतं: दोष कसा शोधायचा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी जुळत असेल तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पाऊस थांबून तासभर झाला तरी पाणी उभं राहतं, आणि दर वेळी त्याच जागी.
- चालताना पाय किंचित आत जातो. ओलं असताना पचपच आवाज येतो.
- वरून वाळू टाकून खोलगट भाग भरला होता, काही महिन्यांत तो परत दिसायला लागला.
- गवत आणि शेजारची फरशी यांच्यात पायरी पडली आहे, कडेचे खिळे वर आले आहेत.
- दोन पट्ट्यांचा सांधा एकाच ठिकाणी उघडतो. पुन्हा चिकटवला तरी टिकत नाही.
- वरून कोरडं दिसतं, पण खालून कुबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो.

अशी तक्रार आली की घरमालक म्हणतात, गवत हलक्या प्रतीचं निघालं. मग नवं गवत आणतात, जुनं काढतात, त्याच तळावर (गवताखालच्या खडी-वाळूच्या थरांवर) नवं अंथरतात आणि पुढच्या मोठ्या पावसात खड्डा होता तिथेच परत दिसतो. दुरुस्तीसाठी मी जी गवतं उचलून बघतो, त्यात दोष गवतात क्वचितच असतो. एक तर तळ नीट दाबलेला नसतो, नाहीतर त्याला ढाळ नसतो, नाहीतर खाली उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून नव्या गवताची चौकशी सगळ्यात शेवटी करा.

कोणते दोष तळाचे नसतात, हे आधी ओळखा

दुपारी उन्हात सुरकुती वर येते आणि संध्याकाळी बसते, तर ते उष्णतेनं फुगणं आहे. गवत अंथरल्यावर ते उन्हात पसरून मोकळं होऊ न देता घाईनं कापलं किंवा कडेला पुरेसं धरलं नाही की असं होतं. तळ खोदू नका. सकाळी आणि दुपारी एकाच जागेचा फोटो काढा. उंचवटा दोन्ही वेळी तसाच असेल तरच संशय तळावर घ्या.

पाती वितळल्यासारखी, आकसलेली दिसतात आणि तो पट्टा तिरपा किंवा कमानीसारखा आहे? मग समोरच्या खिडकीच्या काचेकडे बघा. काही काचांवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी एकवटतं आणि प्लास्टिकची पाती वितळवतं. उपाय खिडकीवर करायचा, जमिनीवर नाही.

नुसती पाती आडवी पडली असतील तर ब्रश मारा.

खड्ड्याचा आकार वाचा

याला काही खर्च नाही आणि पुढची निम्मी तपासणी यानंच वाचते, त्यामुळे घाई करू नका. पाऊस पडून गेल्यावर, किंवा पाइपनं पाणी मारून, पाणी जिथं थांबतं त्याची कड खडूनं किंवा दोरीनं आखून घ्या.

लांबट, सरळ पट्टा दिसला तर खाली कधीतरी चर खणलेला आहे: पाण्याची नळी, सांडपाण्याची लाइन, वायर. चर बुजवताना माती एकदम भरतात, थराथरानं ठोकत नाहीत, आणि ती पुढं बराच काळ बसत राहते. गोल खड्डा असेल तर तिथं पूर्वी झाड होतं का, हे आठवा. जमिनीत राहिलेलं खोड आणि मुळं सडत जातात, तशी वरची जागा खाली जाते. गोल पण लहान आणि अचानक झालेला खड्डा उंदराच्या किंवा घुशीच्या बिळाचाही असतो.

कडेकडेनं पट्टा बसला असेल तर मशीन तिथपर्यंत पोचलेलंच नाही. प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबायचं मशीन) भिंतीला घासत नाही, त्यामुळे कडेची वीतभर जागा हातानं ठोकावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. सगळीकडे उथळ लाटा, पावलांसारखे ठसे असतील तर गवताखालचा, खडीवरचा वाळूचा थर चुकला: एक तर जाड, नाहीतर गोल दाण्याची नदीची वाळू. आणि सगळ्या गवतभर पाणी थांबत असेल, पण जमीन टणक असेल, तर खचण्याचा प्रश्नच नाही. तिथं ढाळ नाहीतर निचरा बघायचा.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

१. वरचा गाळ. पाला, धूळ, केस, झाडांचा मोहोर यांचा थर पात्यांच्या मुळाशी बसतो आणि गवताच्या पाठीला (खालच्या अस्तराला) असलेली पाण्याची छिद्रं बुजतात. कडक प्लास्टिकच्या ब्रशनं पात्यांच्या उलट दिशेनं झाडा. तारेचा ब्रश वापरू नका, पाती फाटतात. मग दोन बादल्या घ्या. एक खराब जागी ओता, एक चांगल्या जागी. दोन्हीकडे पाणी सारखंच रेंगाळलं तर अडथळा बहुधा वर आहे, साफसफाईनं काम भागू शकतं. चांगल्या जागी पाणी झटकन गेलं आणि खराब जागी उभं राहिलं तर दोष खाली आहे. ही तुलना न करता जे खणायला घेतात ते अनेकदा फुकट खणतात.

२. पाणी येतं कुठून. छपराच्या पन्हळीचा पाइप कुठं सुटतो ते बघा. हिशोब सोपा आहे: ५० चौरस मीटर छपरावर २० मिमी पाऊस पडला की १००० लिटर पाणी होतं. ते सगळं गवताच्या एका कोपऱ्यात पडत असेल तर कितीही चांगला तळ तिथं टिकणार नाही, कारण पाण्याबरोबर तळातली दगडाची बारीक कच वाहून जाते आणि खाली पोकळी राहते. पाइप वळवून नाल्यापर्यंत न्या. एसीचं पाणी, भरून वाहणारी टाकी, उंचावरच्या वाफ्यातून येणारी गढूळ धार हेही बघा. वाफ्यातली माती गवतावर येत असेल तर पहिल्या तपासणीतला गाळ कितीदा काढलात तरी परत येणार.

कोरड्या दिवसांतही जागा ओली राहत असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती गवताखालच्याच नळीत आहे असं नाही, पण आता गवताचं काम थांबवून प्लंबरला बोलवा.

३. ढाळ. नुसत्या नजरेवर विसंबू नका. आजूबाजूच्या भिंती आणि कुंपणामुळे नजर फसते. दोन खुंट्या, दोरी आणि लेव्हल पाइप एवढं पुरतं. पारदर्शक नळीत पाणी भरा, त्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही टोकांची पातळी खुंट्यांवर खूण करा, दोरी ताणा आणि दर मीटरला दोरीपासून गवताच्या पाठीपर्यंत अंतर मोजा. मीटरला १ ते २ सेंमी उतार हवा, आणि तो घरापासून लांब. उतार घराकडे असेल तर निचरा चांगला असूनही पाणी पायाशी जाईल, आणि त्याची दुरुस्ती फक्त खड्ड्यापुरती करता येत नाही.

नंतर २ मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी वेगवेगळ्या दिशांनी ठेवून बघा. पट्टीखाली बोट सहज शिरलं तर ती जागा पाणी धरणार. एकूण ढाळ बरोबर असूनही अशा एखाद्या बशीत पाणी अडकतं, म्हणून दोन्ही मापं घ्यायची.

४. कडा. या तपासणीकडे कोणी बघत नाही, म्हणून आग्रहानं सांगतो. चारही बाजूंनी सिमेंटची कड बांधली, खाली चिकण माती आहे, वर खडी भरली, की तो हौद झाला. पाणी गवतातून आणि खडीतून खाली उतरतं आणि तिथंच बसतं. खडीतल्या फटी पाण्यानं भरल्या की पाणी वर दिसतं. अशा अंगणात पहिले काही पाऊस काही कळत नाही, मोठ्या पावसात अचानक तळं होतं आणि नंतर बरेच दिवस जमीन पिचपिचीत राहते.

सर्वांत खालच्या बाजूला, कडेच्या बाहेर, तळाच्या खोलीइतकं हातानं खणून बघा. कडेला भोक पाडताच आतून पाणी वाहू लागलं तर दोष सापडला. खालच्या बाजूच्या कडेत तळाच्या पातळीला थोड्या थोड्या अंतरावर भोकं ठेवा, आतून जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाचा) तुकडा लावा म्हणजे कच निसटणार नाही, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला पुढं वाट करून द्या. एवढ्यावर कित्येक अंगणं बरी होतात. गवताला हातही लावावा लागत नाही.

५. टाच आणि सळई. खराब भागात आणि चांगल्या भागात टाच जोरात आपटा. दाबलेला तळ टणक आवाज देतो, पोकळ किंवा सैल जागी आवाज मंद येतो. मग बारीक गुळगुळीत सळई पात्यांमधून, पाठीच्या छिद्रातून हातानंच दाबा. चांगल्या जागी ती वरच्या कचेतून जाऊन खडीला अडते. खराब जागी ती न अडकता आत जात असेल तर खडी दाबलेली नाही किंवा नाहीच. १० सेंमीच्या खाली सळई घालू नका, हातोड्यानं तर मुळीच ठोकू नका. खालून वायर किंवा नळी गेली असल्याची शंका असेल तर ही तपासणी सोडून द्या.

६. कोपरा उचलून बघणं. इथपर्यंत गवत जागचं हललेलं नाही. आता उचलायचं, पण कोरड्या दिवशी आणि भर उन्हात नाही. आधी फोटो काढा आणि पाती कोणत्या दिशेला झुकली आहेत ते लिहून ठेवा. कडेजवळची भरणीची (पात्यांमध्ये वरून भरलेली) वाळू ब्रशनं बाजूला करा, खिळे पकडीनं काढा. गवत ओढून खिळे उपटले तर पाठ फाटते. खराब जागेला सर्वांत जवळची कड निवडा आणि सांधा शक्यतो उघडू नका. गवत मोठ्या वळणानं मागे घ्या, घडी घालू नका.

खाली काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं.

प्लास्टिकची शीट किंवा ताडपत्री: तण येऊ नये म्हणून घातलेली असते. पाणी तिच्यावरच थांबतं. काढून टाका, जागी न विणलेलं जिओटेक्स्टाइल घाला. त्यातून पाणी जातं, माती जात नाही. आता तणाचं खरं सांगायचं तर लव्हाळ्याचा टोकदार कोंब कापडालाही भोक पाडून वर येतो, त्याचे कंद खणतानाच वेचून काढलेले बरे. कापडावर सगळा भरवसा ठेवू नका.

गोल दाण्याची वाळू: मुठीत घेऊन चोळा. गुळगुळीत दाणे एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकतात. क्रश सँड किंवा दगडाची कच कोनदार असते, ती दाबली की जागेवर बसते. वाळूचा थर २ ते २.५ सेंमीहून जाड असेल तर दाणे कोनदार असूनही लाटा पडतात, कारण भार खडीनं घ्यायचा असतो आणि वाळूचं काम फक्त पृष्ठभाग सारखा करण्याचं आहे.

कच नाहीशी झालेली, खाली नुसती खडी: एका मापाची मोठी खडी वापरली की तिच्या फटींत वरची कच झिरपत जाते. वरून वाळू टाकली की तीही तिकडेच जाते. ‘दर वर्षी वाळू टाकतो तरी बसतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तळाला २० मिमीपासून भुकटीपर्यंत सगळ्या मापांची मिश्र खडी हवी, म्हणजे लहान दाणे मोठ्यांच्या फटी भरतात आणि थर घट्ट बसतो.

खडीत चिखल मिसळलेला: माती आणि खडीच्या मध्ये कापड नव्हतं. ओली माती भाराखाली खडीत वर चढते आणि खडी मातीत रुतते. वरून कितीही भर घाला, ती खालीच जाणार.

काळपट भुसभुशीत माती, मुळं, सडका वास: वरची सुपीक माती न काढता त्यावरच खडी पसरली. त्यातला पालापाचोळा आणि मुळं कुजत राहतात, आकारमान कमी होतं, जमीन बसते. हवा न मिळता कुजण्याचाच तो सडक्या अंड्यांचा वास. कुत्रं असेल आणि वास अमोनियाचा, डोळ्यांना झोंबणारा असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथं बदलायचं ते लघवी शोषून ठेवणारी वाळू आणि धुण्याची पद्धत.

७. तपासणीचा खड्डा. अजूनही उलगडा झाला नसेल तर हातभर लांबी-रुंदीचा खड्डा घ्या आणि खालची मूळ माती लागेपर्यंत हातानंच, सावकाश खणा. थरांची जाडी मोजा. चांगल्या घट्ट जमिनीवर फक्त चालण्यासाठी दाबलेल्या खडीचा ५ ते ७.५ सेंमी थर पुरतो. चिकण मातीवर १० ते १५ सेंमी लागतो, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि पातळ थर तिच्याबरोबर वरखाली होतो.

मग मूळ मातीत ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्यानं भरा. ते जिरलं की परत भरा आणि आता मोजा. पहिलं पाणी मोजायचं नसतं, कोरडी माती ते अधाशासारखं पिते आणि अंदाज चुकतो. दुसऱ्या वेळी पातळी तासाला २.५ सेंमीहून कमी उतरली तर ही जमीन पाणी आपणहून जिरवणार नाही. तिथं पाणी कडेला न्यायलाच हवं, म्हणजे भोकांचा पाइप आणि त्याला उतार. त्याशिवाय केलेली डागडुजी टिकत नाही.

दुरुस्ती

दोन-तीन चौरस मीटरपर्यंतचा खड्डा घरच्या घरी होतो. मऊ जागेच्या कडेपासून ३० सेंमी पुढंपर्यंत काढा, कारण नजरेला दिसतो त्यापेक्षा सैल भाग मोठा असतो. चिखल, मुळं, काळी माती सगळं बाहेर. कापड घाला, शेजारच्या जुन्या कापडावर ३० सेंमी चढवा. मिश्र खडी ५ सेंमीच्या थरात टाका, पाणी शिंपडा, धुम्मसानं ठोका, मग पुढचा थर. एकदम १५ सेंमी भरून वरून ठोकलं तर वरचे चार बोटं घट्ट होतात आणि खालचं सैलच राहतं. सैल खडी दाबल्यावर साधारण चौथा हिस्सा बसते, तेवढी जास्त आणून ठेवा.

पाणी किती, हे मुठीत कळतं. मिश्रण मूठभर दाबलं की गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये. कोरडं दाबलं तर दाणे सरकत नाहीत, फार ओलं असेल तर मशीनखाली लिबलिबतं.

खड्ड्यात सिमेंट काँक्रीट ओतायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते करू नका. त्या जागेतून पाणी जात नाही, आणि काँक्रीट व खडी यांच्या हद्दीवर नवी रेघ बसते. तसंच गवतावरून वाळू ओतून खड्डा भरू नका. भरणीची वाळू पाती उभी ठेवायला आणि गवताला वजन द्यायला असते. खोलगट जागी ती जास्त झाली की पाती गाडली जातात आणि खालची पोकळी आहे तिथंच राहते.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

घराच्या भिंतीला आतून ओल दिसत असेल, किंवा गवत जोत्यातल्या ओलरोधक थराच्या वर किंवा अगदी जवळ चढलं असेल, तर खणणं थांबवा आणि इमारतीच्या कामाचा जाणकार माणूस आणा. वरची पातळी त्या थराच्या निदान १५ सेंमी खाली असायला हवी. भिंतीलगत खोल खणून पाया उघडा पाडणं हे तुमचं काम नव्हे.

खड्डा रातोरात झाला, त्याचा तळ सळईलाही लागत नाही, किंवा सांडपाण्याचा वास येतो: माणसं आणि मुलं दूर ठेवा. खाली फुटलेली लाइन, जुनी सेप्टिक टाकी किंवा बुजवलेली विहीर असू शकते. तिथं उभं राहून बघायलाही जाऊ नका.

खणताना वायर, पाइप किंवा इशाऱ्याची रंगीत पट्टी लागली की फावडं खाली ठेवा. मोठ्या झाडाचं मनगटाएवढं मूळ लागलं तर ते तोडण्याआधी झाडांच्या जाणकाराला विचारा. आधार देणारं मूळ तुटलं तर वादळात झाड पडू शकतं. अंगण संरक्षक भिंतीच्या वर असेल आणि भिंतीला फुगवटा किंवा तडा दिसत असेल तर मागचं पाणी तिच्यावर दाब देत आहे. तो प्रश्न स्थापत्य अभियंत्याचा आहे.

सगळ्या अंगणाचा ढाळ घराकडे असेल, निम्म्याहून जास्त तळ मऊ लागत असेल, किंवा जमीन पाणी जिरवत नसून पाणी सोडायला खालची जागाच नसेल, तरी ठेकेदार बोलवा. त्याला थेट विचारा: किती सेंमी खणणार, खडी कोणती, किती थरांत दाबणार, पाणी शेवटी कुठं सोडणार. शेवटच्या प्रश्नाला ‘जमिनीत जिरेल’ एवढंच उत्तर आलं आणि तुमच्या खड्ड्यातलं पाणी उतरत नव्हतं, तर दुसरा माणूस बघा.

काम कोणीही करो, गवत परत अंथरण्याआधी उघड्या तळावर झारीनं पाणी मारा आणि अर्धा तास थांबा. पाणी कुठं थांबतं का, चालल्यावर ठसे उमटतात का ते बघा. उमटले तर आत्ताच दुरुस्त करा, आत्ता ते काम फावड्यानं आणि पट्टीनं होतं. सांध्याचा गोंद त्यानंतर, तळ वाळल्यावर.